चावीआधी तीन वेळा

असोद्यात कुणाच्या विहिरीवरची मोटर बंद पडली, कुणाची मोटारसायकल दहा किका मारूनही उठली नाही, की पारावरचा एखादा विचारायचा, "गिरधरचा हात लागला का रे इले?" आणि बाकीचे हसायचे. दोन वर्षं हे चाललं होतं. जळगावात नेरी नाक्याच्या पुढे पत्र्याच्या गाळ्यात बसलेल्या गिरधर मिस्तरीपर्यंत ते हसणं येऊन पोहोचायचं. केळीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर चहाला थांबायचे, त्यांच्या तोंडून यायचं. कधी त्यांनी बोलता बोलता त्याला पाहून विषय बदलला, तर त्यातूनही यायचं.

गिरधर त्रेसष्ट वर्षांचा होता. धुळ्याजवळच्या एका खेड्यातून चौदाव्या वर्षी जळगावला आला, आणि तेव्हापासून त्यानं एकच वस्तू नीट समजून घेतली: कार्बोरेटर. इंजिनाला पेट्रोल किती आणि हवा किती, हे ठरवणारा तो मुठीएवढा धातूचा डबा. नव्या गाड्यांत तो नसतो, आणि नव्या गाड्यांविषयी गिरधरचं काही म्हणणंही नव्हतं. जिल्ह्यात उरलेल्या जुन्या फियाट, अँबेसिडर, खेड्यापाड्यांतल्या जीप त्याला पुरत होत्या. आतलं, पेट्रोलवर तरंगणारं पितळी फ्लोट तो गरम पाण्यात बुडवायचा आणि कुठून बुडबुडा येतो ते बघत बसायचा, न बोलता, पाणी थंड होईपर्यंत. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं केसाएवढं भोक उजेडापुढे धरून एक डोळा मिटायचा. त्या वेळी कुणी हाक मारली तर शिवी मिळायची.

तो रागीट होताच. गाळ्याच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं लाल ऑइलपेंटमध्ये लिहून ठेवलं होतं: एक्सलेटरवर उगाच पाय मारू नये. गाडी उठत नाही म्हणून पाय आपटत बसणाऱ्या लोकांचा त्याला संताप होता. पण तो पूर्वीचा राग समोरच्यावर निघून जायचा, आणि संध्याकाळी तो मोकळा घरी जायचा. असोद्याचा राग गेला नाही. तो त्याच्याबरोबर जेवायला बसायचा.

झालं होतं ते असं. असोद्याच्या शालिग्राम आबांची क्रीम रंगाची फियाट होती, चौऱ्याऐंशीची. पस्तीस वर्षं तिला गिरधरशिवाय कुणी पाना लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर त्यानं तिचा कार्बोरेटर खोलला, साफ केला आणि आतली नीडल बदलली. कार्बोरेटरच्या वाटीत पुरेसं पेट्रोल भरलं, की फ्लोट वर येतं आणि ही बोटाच्या पेराएवढी पिन पेट्रोलची वाट बंद करते. बारकं काम. अकरा दिवसांनी, ऐन दुपारी दोनला, आबांच्या बायकोच्या, कुंदाबाईंच्या छातीत कळ आली. मुलगा जितेंद्र अर्ध्या तासापूर्वीच जळगावहून गाडी घेऊन आला होता. त्यानं आईला मागच्या सीटवर बसवलं आणि चावी फिरवली. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. पाव तास तो चावी फिरवत राहिला. बॅटरी उतरली. मग शेतातून एक पिकअप बोलावली, कुंदाबाईंना तिच्यात निजवलं, आणि जळगाव दिसायला लागलं तिथे त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी बॅटरी भरून लावली, तर गाडी पहिल्या चावीला उठली. हेच लोकांना जास्त लागलं. बाई गेल्यावर उठली.

दहाव्याला गिरधर गेला होता. जितेंद्र दारात उभा होता. चारचौघांत म्हणाला, "मिस्तरी, तुमचं काम झालं. आता जा तुम्ही." गिरधर आला तसा परत फिरला. त्याला कुणी मारलं असतं तर त्यानं मारलं असतं. कुणी मारलं नाही.

यंदाच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, त्याच्या गाळ्यात एक बाई येऊन उभी राहिली.

"गिरधरकाका, ओळखलं का?"

गिरधरनं मान वर केली नाही. जेटमधून उजेड बघत म्हणाला, "आवाज ओळखला. शालिग्राम आबाची ज्योत्स्ना. तोंड कशाला बघू? तुमच्या घरानं माझं बघायचं सोडलं."

"मी नव्हतं सोडलं."

"मग दोन वर्षांत आलीस का कधी?"

"नाही आले."

"मग झालं."

ज्योत्स्ना धरणगावला दिलेली, तिथल्याच शाळेत शिकवायची. तिनं कोपऱ्यातला ऑइलचा रिकामा डबा ओढला, पदरानं झटकला आणि त्यावर बसली. गिरधरला तिचं ते बसणं आवडलं नाही. लवकर उठणाऱ्याचं ते बसणं नव्हतं.

"मी माहेरीही गेले नव्हते," ती म्हणाली. "आखाजीला भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला येतो, तर जितू दर वर्षी ती फियाट घेऊन यायचा. आई गेल्यापासून तो गाडीला हात लावत नाही. गाडी नाही म्हणून मुऱ्हाळी नाही, मुऱ्हाळी नाही म्हणून मी नाही. यंदा आबांनी फोन केला, आईच्या नावाची घागर भरायची आहे म्हणाले, तेव्हा एकटी एसटीनं आले."

"मला का सांगतेस?"

"उद्या संध्याकाळी गाडी जातेय. इथला कुणी रोनक म्हणून आहे, त्याला जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे. एकदा गेली की मला कधीच कळणार नाही."

"काय कळायचं राहिलंय तुला? सगळ्या असोद्याला कळलंय. केळीच्या झाडांनाही कळलं असेल."

"काका, मी विचारते तेवढं सांगा. तुमच्या हातून चूक झाली होती का?"

गिरधरनं जेट फडक्यावर ठेवला. दोन वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "उन्हानं पेट्रोल उकळलं. गरम इंजिनाजवळून नळी जाते, तिच्यात पेट्रोलची वाफ होते, वाफेनं वाट अडते. वर पेट्रोल पोचतच नाही. वैशाखात होतं असं. त्याला मी काय करू? ऊन मी पाडलं?"

"म्हणजे पेट्रोल कमी पडलं."

"कमी पडलं."

ज्योत्स्ना म्हणाली, "शेजारच्या अक्का होत्या तिथे. त्या सांगतात, आईनं नाकाला पदर लावला होता. म्हणत होती, पेट्रोलचा वास सहन होत नाही, मला उतरवा. मग पेट्रोल कमी कसं?"

बाहेरून एक ट्रक गेला. पत्रा थरथरून थांबला.

वास येत होता म्हणजे पेट्रोल पोचत होतं. नुसतं पोचत नव्हतं, जास्त झालं होतं. इंजिन बुडालं होतं. लोक म्हणतात गाडी ओव्हर झाली. आणि पेट्रोल जास्त व्हायला दोनच वाटा. एक, चालवणाऱ्याचा पाय. दुसरी, ती बोटाच्या पेराएवढी नीडल, जी वाट नीट बंद करत नाही आणि पेट्रोल भरभरून वाहू देते. ती नीडल त्यानं अकरा दिवसांपूर्वी स्वतः बसवली होती. दोन वर्षं तो उन्हाला दोष देऊन झोपत आला होता. या बाईनं डब्यावर बसल्या बसल्या ते ऊन काढून घेतलं.

"नंतर कार्बोरेटर कुणी खोलला?"

"नाही. आमचा गडी झिपरू रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो, बस. कुणी हात लावला नाही."

"उद्या दीडला येतो," गिरधर म्हणाला. "जितेंद्रनं गाडी चालवायची. त्या दिवशी जशी जळगावला नेली तशीच न्यायची, तशीच आणायची, त्याच जागी उन्हात लावायची. अर्धा तास. मग त्या दिवशी जशी सुरू केली तशी सुरू करायची."

"तो नाही बसणार काका."

"मग मी येत नाही. दुसरा कुणी चालवील तर मला दुसऱ्याचं दुखणं दिसेल. आणि ऐक, मी आबासाठी येत नाही, तुझ्यासाठी येत नाही. मी माझ्यासाठी येतो. नीडल माझी चुकली असली तर मीच ओरडून सांगीन, अन् नसली तर ज्या तोंडांनी माझं नाव घेतलं त्या तोंडांनी चारचौघांत सांगायचं, की गिरधरच्या कामात खोट नव्हती."

संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ताईबाईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "तठे कसाले जातस? तठे कोन तुमले हार घालनार शे?"

"मनं काम खोटं नही."

"आनि खोटं निंघनं तं?"

राग आला की गिरधरही त्याच्या गावच्या बोलीवर यायचा, 'माझं'चं 'मनं' व्हायचं. त्यानं ताट सरकवलं. ताईबाईनं ते उचललं नाही. थोड्या वेळानं त्यानंच परत ओढून घेतलं आणि गार भाकरी चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी दीडला असोद्यात ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, पण आबांच्या खळ्याच्या भिंतीवर पंधरा-वीस माणसं उपरणी डोक्यावर घेऊन बसलेली होती. बातमी त्याच्या आधी आली होती. ओट्यावर कुंदाबाईंच्या नावाची घागर भरलेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. निंबाला आखाजीचा झोका बांधला होता, पण दोर नवाच्या नवा दिसत होता. निंबाखाली खाटेवर आबा बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, एका कानानं गेलेले. गिरधरला बघून त्यांनी हात वर केला, कालच भेटल्यासारखा. गिरधरनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

फियाट चालू होती. झिपरू, आबांचा जुना सालदार, तिच्याजवळ उभा होता. जितेंद्र बाहेर आला. चाळिशीचा, अंगानं भरलेला. दोन वर्षांत त्याचे गाल मात्र आत गेले होते.

"बहीण म्हणे म्हणून बसतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नही."

"माझ्यासाठी जे करायचं ते तू दहाव्याला केलंस. गाडी काढ."

जळगावपर्यंत जाताना खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडासारखा होता. जितेंद्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, गाडी नाही तर एखादं बिथरलेलं जनावर हातात असल्यासारखा. गिरधर कान देऊन होता. इंजिन कुठे अडखळत नव्हतं, धूर काळा नव्हता. बाजार समितीच्या फाटकापासून ते वळले. परत येताना एकदाच जितेंद्र म्हणाला, "त्या दिवशी इथे मी उसाचा रस प्यायलो. दहा मिनिटं गेली. नसतो थांबलो तं..." पुढे त्यानं काही म्हटलं नाही, आणि गिरधरनं विचारलं नाही. त्याला त्या क्षणी कुणाचं दुःख नको होतं. त्याला नीडल हवी होती.

गाडी खळ्याच्या भिंतीला, त्याच जागी लावली. इंजिन बंद केलं. भिंतीवरची माणसं कुजबुजत होती. एक जण म्हणाला, "मिस्तरी, लिंबू आणू का ववाळाले?" दोघं-तिघं हसले.

"तुझ्या तोंडात घाल," गिरधर म्हणाला. "म्हणजे बंद राहील."

वीस मिनिटांनी त्यानं बॉनेट उघडलं. हवेची गाळणी काढून बाजूला ठेवली आणि टॉर्च लावून कार्बोरेटरच्या घशात पाहिलं. बंद केलेल्या गरम इंजिनाचा खरा ताप तेव्हा वर येतो. नीडल वाट बंद करत नसेल, तर घशात पेट्रोल उतरलेलं दिसतं, भिंती ओल्या चमकतात. ज्योत्स्ना शेजारी येऊन उभी राहिली.

घसा कोरडा होता. उकाड्यानं एक-दोन थेंब आले असतील, तेवढंच. तरी त्याचं समाधान झालं नाही. पेट्रोल पंपाला हातानं चालवायची एक छोटी दांडी असते, ती त्यानं खाली वर, खाली वर केली. वाटी भरली. वाटी भरल्यावरही तो थांबला नाही. तीस, चाळीस, पन्नास वेळा. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. एक थेंब घशात उतरला नाही. ती बोटाच्या पेराएवढी पिन दोन वर्षं उन्हाळे-पावसाळे काढून दार घट्ट लावून बसली होती.

गिरधर सरळ उभा राहिला. भिंतीवरच्या माणसांकडे त्यानं एकेक करून पाहिलं. त्याला खूप बोलायचं होतं. पण अजून अर्धं काम राहिलं होतं.

"बस आत," तो जितेंद्रला म्हणाला. "त्या दिवशी जे केलं तेच कर. जास्त नाही, कमी नाही. आई मागे आहे असं समज."

हे शेवटचं म्हणायला नको होतं. ज्योत्स्नानं त्याच्याकडे पाहिलं. जितेंद्र आत बसला. त्यानं डॅशबोर्डला हात लावून तो कपाळाला लावला. इंजिनाची हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढली. मग पाय उचलला आणि एक्सलेटर दाबला, सोडला, दाबला, सोडला, दाबला, सोडला. ओठ हलत होते, मोजत होता. प्रत्येक वेळी गिरधरला उघड्या घशात पेट्रोलची पिवळट चिळकांडी आत उडताना दिसली. मग चावी. इंजिन फिरत राहिलं. पेटलं नाही. परत तीनदा पाय, परत चावी. परत तीनदा. वास सुटला. जितेंद्रचं तोंड आता आजचं राहिलं नव्हतं. तो मागे वळून बघत होता, मागची सीट रिकामी होती, तरी बघत होता. ज्योत्स्नानं नाकाला पदर लावला. आपण काय केलं हे कळल्यावर झटकन खाली घेतला.

"बस कर," गिरधर ओरडला.

त्यानं पाना लावून ठिणगी पाडणारा एक प्लग काढला. प्लग धुतल्यासारखा ओला होता. तो त्यानं वर धरला, भिंतीपर्यंत दिसेल असा.

"बघा. नीट बघा. लिंबूवाल्या, तूही बघ. गरम इंजिनाला चोक लागत नाही. गरम इंजिनाला पाय मारावा लागत नाही. हा पाय मारतो तेव्हा प्रत्येक वेळी वरून पेट्रोलची पिचकारी जाते. नऊ वेळा मारला याने. इंजिन बुडालं. सकाळी उठली, कारण रात्रीतून सुकली. माझी नीडल तुम्ही सगळ्यांनी पाहिली. थेंब सोडला तिनं? बोला ना. दोन वर्षं बोलत होतात."

भिंतीवरच्या एक-दोघांनी उपरणं डोळ्यांवर ओढलं.

"कार्बोरेटर नव्हता तो," गिरधर म्हणाला. आता त्याला थांबता येत नव्हतं. "पाय होता. दोन वर्षं नाव माझं घेतलंत, आणि पाय हा होता."

जितेंद्र गाडीतच होता. दार उघडं होतं. तो मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होता. चपलेतल्या त्या पायाकडे तो असा बघत होता, जणू तो कुणी तरी आणून तिथे ठेवला आहे. ज्योत्स्ना म्हणाली, "काका, पुरे." गिरधरला ऐकू आलं. पण दोन वर्षांचं सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं, आणि त्याला अजून एक माणूस हवा होता.

"कुणी शिकवलं तुला हे? गरम गाडीला चोक ओढून तीनदा पाय मारायला? कोणत्या गाढवानं शिकवलं?"

"आबांनी," जितेंद्र म्हणाला. खाली बघतच.

निंबाखालून आबांचा आवाज आला. आपलं नाव त्यांच्या चांगल्या कानात शिरलं होतं, आणि एवढ्या माणसांत कुणीतरी आपल्याला विचारतंय याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता.

"मी कसाले शिकवू रे? मले का कळे त्यातलं? तूनंच तं सांगतलं व्हतं, गिरधर."

गिरधर वळला.

"याद नही का तुले?" आबा म्हणाले. "थंडीचं साल व्हतं ते. केळीचे पानं काये पडले व्हते, घड जागच्या जागी थांबले व्हते. गाडी उठे ना. तू सकायी सकायी सायकलीवर आला, कानाले मफलर बांधेल. इथेच शेकोटी केली व्हती आपून. तू म्हने, आबा, चोक वढाचा, तीनदा पाय दाबाचा, मंग चावी. कधी दगा देनार नही. म्या पोराले बोलावलं, त्याच्याकून तुह्यासमोर तीनदा करून घेतलं. त्या दिवसापासून माह्या घरात कोन्ही चुकलं नही. तीनदा, मंग चावी. तुह्या शब्दाले मान देल्ला मी."

आबा हसले. त्यांच्या बोलण्यात कुठेही आरोप नव्हता. पस्तीस वर्षं पाळलेल्या गोष्टीची ती पावती होती, आणि ती ते ज्याची त्याला परत देत होते.

नाही म्हणता आलं असतं. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, एका कानानं गेलेला. कोण धरून बसणार होतं? ज्योत्स्नानं गिरधरच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं की तो हाच विचार करतोय. पण गिरधरला ती सकाळ दिसत होती. दिसायला नको असताना दिसत होती. शेकोटीपुढे गरम झालेले गुडघे, पितळी पेल्यातला चहा, आणि ओट्यावरून उतरून आलेलं सात-आठ वर्षांचं झोपाळू पोर, ज्याचा पाय एक्सलेटरपर्यंत नीट पोचतही नव्हता. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याला त्या दिवशी अजून तीन गावं करायची होती. चोक ओढा, तीनदा पाय मारा, असं सांगून तो सायकलवर बसला होता. थंडीतच, एवढं सांगायचं राहिलं होतं. पुढे अनुभवानं शिकल्यावर त्यानं गाळ्याच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं. आबा त्या भिंतीखाली कितीदा बसले असतील. त्यांनी ते वाचलं असेल आणि सोडून दिलं असेल. ते लोकांसाठी होतं. त्यांच्याजवळ मिस्तरीच्या तोंडचा शब्द होता.

"खरं शे," गिरधर म्हणाला. त्याचं त्यालाच कळलं नाही की तो आपल्या गावच्या बोलीत बोलतोय. "मीच सांगेल व्हतं. हाई बठ्ठं मनंच शे."

भिंतीवरून एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे व्हतं तं गिरधरचंच."

"हो," गिरधर त्याच्याकडे वळून म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "माझंच होतं. पण कार्बोरेटरचं नव्हतं. सांगशील तेव्हा नीट सांग. कार्बोरेटरमध्ये खोट नव्हती. जे चुकलं ते माझ्या तोंडानं चुकलं."

कुणी हसलं नाही. ज्याच्यासाठी तो आला होता ते त्याला मिळालं होतं: गिरधरच्या कामात खोट नव्हती, हे चारचौघांत सिद्ध झालं होतं. ते कुठे ठेवायचं हे त्याला कळेना.

जितेंद्र गाडीतून उतरला. तो गिरधरपेक्षा वीतभर उंच होता. अगदी समोर येऊन उभा राहिला. झिपरू पुढे सरकला, ज्योत्स्ना म्हणाली, "जितू." जितेंद्रचे हात लोंबत होते. त्याला ते उचलायचे होते का, हे त्यालाही ठरवता येत नव्हतं.

"दोन वर्ष," तो म्हणाला. "दोन वर्ष मी तुमच्यावर राग धरून जगलो. तो नसता तं मेलो असतो. आता का करू मी, सांगा ना मिस्तरी. आता कोनाले धरू?"

"मला धर," गिरधर म्हणाला. "मारायचं असेल तर मार. नसेल मारायचं तर आत बस."

"आत कसाले?"

"बस म्हणतो ना."

गिरधरनं प्लग पुसून परत बसवला. गाळणी लावली, बॉनेट आपटलं. भिंतीवर, आबांवर, उन्हावर, त्या एकोणतीस वर्षांच्या मफलरवाल्या माणसावर, ज्याच्यापर्यंत आता हात पोचत नव्हता, सगळ्यांवर एकदमच आपटल्यासारखं. जितेंद्र आत जाऊन बसला.

"चोक आत ढकल. पूर्ण. आता एक्सलेटर तळापर्यंत दाब, आणि दाबूनच ठेव. पाय सोडायचा नाही, मारायचा नाही. पिचकारी उडू द्यायची नाही. नुसती हवा जाऊ दे, हवा आतलं पेट्रोल बाहेर काढील. आता चावी."

जितेंद्रनं दाबलं. पण चावीकडे हात जाता जाता त्याचा पाय आपोआप वर आला, परत खाली गेला. त्याला थांबवता आला नाही. पस्तीस वर्षांचा तो पाय होता. घोट्यात मोजत होता.

"अरे, नको हलवू म्हणतो ना."

"मी नही हलवत," जितेंद्र म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तो हालते."

गिरधर उघड्या दाराशी खाली बसला. त्रेसष्ट वर्षांचे गुडघे मोडून, तापलेल्या मातीत. त्यानं दोन्ही हातांनी जितेंद्रचा पाय घोट्याशी पकडला आणि एक्सलेटरवर दाबून धरला. हातांना ग्रीस होतं, ते चपलेला लागलं, कातडीला लागलं. भिंतीवरून पाहणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच, की मिस्तरी शालिग्राम आबाच्या पोराच्या पायाशी बसला आहे. दोघा-तिघांनी नजर दुसरीकडे नेली.

"मार चावी."

इंजिन फिरलं. चार, पाच, सहा. आठव्याला एक खोकला आला, काळ्या धुराचा एक लोट मागून निघाला, आणि गाडी उठली. खळं भरून गेलं त्या आवाजानं. निंबाखाली आबांनी मान डोलावली, त्यांना तो आवाज कानानं नाही, खाटेतून कळला असावा. ज्योत्स्ना मागचं दार उघडून आत बसली, आई बसली होती त्या जागी, आणि तिनं दोन्ही तळवे सीटवर टेकले.

जितेंद्रच्या पायातली थरथर गिरधरच्या हातात येत होती. इंजिनाची कोणती आणि त्याची कोणती, वेगळी काढता येत नव्हती. त्यानं पाय सोडला नाही.

"बंद कर," तो म्हणाला. "पुन्हा."

"झाली ना चालू."

"तुझा पाय अजून मोजतोय. बंद कर. पुन्हा."